लाल चोळीतला हिरवा टाका

ज्या बाईसमोर मी ते खोटं बोललो, तिला डोकं नव्हतं. हात होते, पण तेही कोपरापर्यंतच. कापूस भरलेला पुतळा होता तो, काचेच्या कपाटात उभा केलेला, आणि त्याच्या अंगावर एका जुन्या हिंदी सिनेमातली लाल घागरा-चोळी होती. सिनेमाचं नाव सांगत नाही. शेवटच्या रिळात भर मांडवात कोसळणारी ती नवरी आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेलच. आमच्या आयांच्या पिढीनं तिच्यासाठी पदर भिजवले होते.

हे कपडे आमच्या इंदूरला कसे आले ते आधी सांगतो. गावातल्या एका व्यापाऱ्याला सिनेमाचं वेड. लोक नटनट्यांच्या सह्या जमवतात, यानं कपडे जमवले. कुणाचा कोट, कुणाची वर्दी, कुणाचे फाटके बूट. वय झाल्यावर त्यानं लालबागच्या अलीकडचं आपलं जुनं गोदाम रंगवून घेतलं, आत एसी बसवले आणि संग्रहालय उघडलं. लालबागचा राजवाडा बघून दमलेली मंडळी परत जाताना आमच्याकडे डोकवायची. 'आमच्याकडे' म्हणतो, कारण मी तिथे हौसेनं मार्गदर्शकाचं काम करायचो.

त्याआधी छत्तीस वर्षं मी विमा विकला. समोरच्या धडधाकट माणसाला चहा संपायच्या आत त्याच्या मरणाची आठवण करून द्यायची आणि सही घ्यायची, हे माझं काम. ते मला फार चांगलं जमायचं. निवृत्त झालो आणि ऐकणारं कुणी उरलं नाही. बायकोनं तर ऐकणं लग्नानंतर वर्षभरातच सोडलं होतं. त्यामुळे तिकीट काढून आत आलेली, दार एकच असल्यामुळे सहजी पळून न जाऊ शकणारी माणसं जिथे मिळतात अशी जागा दिसल्याबरोबर मी जाऊन उभा राहिलो.

तिथल्या क्युरेटर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मुंबईच्या. जुनी वस्त्रं जपण्याचं शास्त्र शिकून आलेल्या. दिवे मंद ठेवायचे, हात लावायचा नाही, आणि कपडे कधी म्हणजे कधी धुवायचे नाहीत, असे त्यांचे नियम. "कॉलरवरचा मळ, काखेतला घाम, गळ्यावरची पावडर, हाच तर पुरावा आहे काका," असं त्या मला म्हणाल्या. मी घरी येऊन हे ज्ञान बायकोला दिलं. ती म्हणाली, "मग तुमचे बनियन पण घेऊन जा की. एक वेगळा हॉल लागेल फक्त."

मी हसलो. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत मला पहिल्या दिवसापासून बरं वाटत नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यात असतो तेवढाच उजेड. त्यात वीस-बावीस माणसं उभी, एकालाही डोकं नाही. ज्यांच्या अंगावर ते कपडे एकेकाळी होते त्यातली बहुतेक गेलेली. पण खांदे भरलेले, छात्या फुगवलेल्या, जणू सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतलाय आणि सोडायचं कुणी मनावर घेत नाही. एसीची घरघर तेवढी चालू. मी सकाळी आत शिरलो की उगीचच खाकरायचो. आपण आलोय हे त्यांना कळावं म्हणून.

आता मावशी. आमच्या गल्लीत, बड्या गणपतीच्या मागे, चार घरं सोडून राहतात. आईची मैत्रीण, म्हणून मावशी. वय ऐंशीच्या पुढे. इंदुरातल्या अर्ध्याअधिक मराठी नवऱ्यामुलींचे लग्नातले ब्लाउज त्यांनी शिवलेले. तरुणपणी त्या सिनेमाचं युनिट मांडूला शूटिंगला आलं होतं, तेव्हा नायिकेची चोळी मुंबईहून भलत्याच मापाची शिवून आली. कुणीतरी जीप धाडून मावशींना आणि त्यांच्या यजमानांना मशीनसकट मांडूला नेलं. मावशींनी ती लाल चोळी पूर्ण उसवली आणि दोन दिवसांत नव्यानं शिवली. पुढे देशभर गाजली ती हीच.

मावशींची एक रीत होती. नवरीचा कुठलाही कपडा असो, त्यात आतल्या बाजूनं, डाव्या काखेच्या खाली चार बोटांवर त्या एक हिरवा टाका घालायच्या. एकच. नवरीला हिरवा चुडा भरतात ना, तसा. वरून दिसत नाही, नवरीलाही माहीत नसतं. "माझा आशीर्वाद, बस," एवढंच म्हणायच्या. मांडूच्या त्या चोळीतही त्यांनी तो घातला होता. नवरी सिनेमातली का असेना, नवरीच.

संग्रहालयातल्या पाटीवर सिनेमाचं नाव होतं, नायिकेचं होतं, कपडेपट सांभाळणाऱ्याचं होतं. मावशींचं नव्हतं. मी मॅडमच्या मागे लागलो. त्या म्हणाल्या, "काका, अशी माणसं आम्हाला रोज भेटतात. पुरावा काय?" मी म्हटलं, "डाव्या काखेखाली चार बोटं. हिरवा रेशमी दोरा. नसला तर मी उद्यापासून तोंड उघडणार नाही." या पैजेपायीच त्यांनी कपाट उघडलं असावं. हातमोजे घालून, बॅटरी धरून त्यांनी चोळीची कड अलगद परतवली. आणि तिथे तो होता. पिकलेल्या लाल रंगात, तिरका, तांदळाएवढा हिरवा टाका.

महिन्याभरात पाटी बदलली. मावशींना रिक्षात घालून मीच घेऊन गेलो. त्या मंद उजेडात त्यांना काही नीट दिसेना. काचेवर हात ठेवून त्यांनी मॅडमना विचारलं, "आत आहे ना गं अजून?" मॅडम म्हणाल्या, "आहे आजी." परत येताना रिक्षात मावशी म्हणाल्या, "आता एकच राहिलं. नातीच्या लग्नाचं शिवून होऊ दे, मग मशीन कोणालाही देऊन टाक." नातीचं लग्न ठरलं होतं, देवासला दिलं होतं. पिवळ्या साडीवरचा ब्लाउज आपण शिवायचा म्हणून मावशींनी त्या वयात दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं करून घेतली होती. नात दहावीत असल्यापासून त्यांनी तो एक ब्लाउज मनात शिवायला घेतला होता म्हणा ना.

इथवर मी शहाण्यासारखा वागलो. हे माझ्या आयुष्यात क्वचित घडतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

एका रविवारी एका कॉलनीतली पंचवीस-तीस माणसं आली. मी वर्दी दाखवतोय, कोट दाखवतोय, माना खाली घालून सगळे मोबाइलमध्ये. एक गृहस्थ जांभई देत आमच्या इंदुरी हिंदीत म्हणाले, "भिया, यहाँ एसी के अलावा देखने का क्या है?" लोक हसले. मला ते लागलं. तेव्हा आम्ही लाल चोळीसमोर होतो. मी विम्याच्या वेळी लावायचो तो आवाज लावला, अगदी खालचा, आणि म्हणालो, "इस चोली के अंदर एक हरा धागा है."

माना वर आल्या.

मग माझी गाडी उतारावर लागली. शिवणाऱ्या बाईनं तो दोरा मंतरून घातलाय, म्हणालो. तिचा स्वतःचा संसार मोडला होता, म्हणून दुसऱ्या कुणाचा फळू नये. जी नवरी घालेल तिचा मांडव उठणार. पडद्यावर काय झालं, पाहिलंत. आणि पडद्याबाहेर? त्या नटीचं पुढे आयुष्यभर लग्न झालं नाही. (त्या नटीला चार नातवंडं आहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं.) "टोटका," म्हणजे करणी, कुणीतरी बाई पुटपुटली.

आणि लाइट गेली.

इंदुरात लाइट जाते, त्यात काही नाही. पण एसीची घरघर थांबल्यावर त्या खोलीत किती शांतता असते ते मला तोवर माहीत नव्हतं. काळोखात पंचवीस माणसांचा श्वास ऐकू येत होता आणि मला वाटलं, पंचवीसपेक्षा जास्त आहेत. एक बाई किंचाळली. लाइट आली तेव्हा सगळे पुतळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. छत्तीस वर्षांत माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं.

दारू कशी चढते ते मला माहीत नाही, पण अशीच चढत असणार. पुढच्या दोन आठवड्यांत मी ती गोष्ट दहा-बारा वेळा तरी सांगितली. दर वेळी थोडी दुरुस्ती. दोऱ्याला गाठ आली, गाठ मारताना अमावास्या आली, चोळीला हात लावणाऱ्या कामगाराला ताप आला. एका कॉलेजच्या मुलीनं व्हिडिओ काढला आणि मी मान जराशी तिरकी करून तिला काढू दिला. पाटीवर मावशींचं नाव होतं. मीच भांडून लावून घेतलेलं. गोष्ट सांगताना मी त्या पाटीला पाठ करून उभा राहायचो.

व्हिडिओत मात्र पाटी स्वच्छ दिसत होती.

मला ते कळलं पोह्याच्या दुकानात. सकाळी आमची मंडळी तिथे जमते. जिलेबीचा घास तोंडात असताना एकजण म्हणाला, "भिया, वो आपके मोहल्ले में ही रहती हैं ना, टोटके वाली आजी?" उरलेली जिलेबी तशीच ठेवून मी उठलो. घरी येताना मावशींच्या गल्लीतून आलो. दारावर कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती. मावशींनी नाही, दुसऱ्याच कुणीतरी. त्यांच्यापासून वाचायला.

ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका एकेक करून कमी झाल्या. मग मावशींकडे देवासहून फोन आला. व्याही माणसं सुशिक्षित, आवाज साखरेतला. "आमचं काही नाही हो, आम्ही असलं मानतच नाही. पण घरात आजेसासूबाई आहेत, जुन्या वळणाच्या. ब्लाउज आम्ही इकडूनच शिवून आणतो. तुम्हाला तेवढाच त्रास कमी."

मॅडमनी व्हिडिओ पाहिला त्या दिवशी मला आपल्या खोलीत बोलावलं. मी खुर्चीवर बसणार तेवढ्यात म्हणाल्या, "बसू नका काका. उद्यापासून येऊ पण नका." मी काहीतरी गमतीचं बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "हे सगळे कपडे रोज थोडे थोडे मरताहेत. आम्ही वाचवत नाही कुणाला, फक्त दिवस लांबवतो. बाहेरून धक्का लागू नये एवढंच हातात असतं. आणि तुम्ही त्या जिवंत बाईला..." त्यांनी दाराकडे हात केला. मी जिन्यावरून उतरलो तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडं होतं. लाल चोळी होती तिथेच होती. मी न खाकरता बाहेर पडलो.

मावशींकडे कबुली द्यायला गेलो. मशीनवर लाकडी झाकण घातलेलं. झाकणावर पिवळी साडी, तिच्यावर ब्लाउजपीस, तसाच, न कापलेला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे खोटं बोललास?"

"हो."

"सगळंच?"

"सगळंच, मावशी. गंमत म्हणून."

"मग लाइट कशी काय गेली?"

मी म्हटलं, "अहो, लाइट काय, जाते."

"त्याच वेळी?" त्या साडीची घडी नीट करत बसल्या. मग खाली बघतच म्हणाल्या, "चोळी दिली आणि वर्षाच्या आत आमचे हे गेले. तेव्हा नाही मनात आलं. मग मोठीचा नवरा. मग पलीकडच्या वाड्यातली ती मुलगी, पहिल्या बाळंतपणात गेली ती, तिचं पण मीच शिवलं होतं. आता एकेक आठवतंय बघ. इतक्या वर्षांच्या नवऱ्या. कोणाकोणाचं काय काय झालं, आठवत बसते."

"मावशी, इतक्या वर्षांत कोणाचं ना कोणाचं काही ना काही होणारच की."

"हेच तू विमा विकताना म्हणायचास ना रे?"

हिरव्या रिळाचा डबा त्यांनी कोनाड्यात पाठमोरा ठेवला होता, आतला रंग दिसू नये असा. लग्नाला चार आठवडे होते आणि या बाईनं ज्या एका कामासाठी डोळे राखून ठेवले होते, ते काम माझ्या जिभेनं तिच्या हातातून काढून घेतलं होतं.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. मला सुचलेल्या युक्त्यांचा इतिहास बायकोनं लिहायला हवा. मी म्हणालो, "माझ्यासाठी एक सदरा शिवा. आत हिरवा टाका घाला. लग्नाच्या अक्षता पडेपर्यंत मी तोच घालीन, रोज, सगळ्या गावाला दिसेल असा. मला काही झालं नाही, तर तुम्ही नातीचा ब्लाउज शिवायचा."

मावशी पहिल्यांदा हसल्या. "तुला काय होतंय मेल्या! यम आला तरी तुझी बडबड ऐकून अर्ध्यातून परत जाईल."

पण छातीचं माप त्यांनी तीनदा घेतलं. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कॉलर लावत होत्या. सुई बोटात घुसली आणि पांढऱ्या कापडावर एक थेंब पडला. "निघेल की धुतल्यावर," मी म्हटलं. "निघेल," त्या म्हणाल्या. बोट तोंडात घालायचं विसरून बराच वेळ त्या थेंबाकडेच बघत राहिल्या.

सदरा छान झाला. मनगटाशी जरा सैल, मला सैल बाह्या आवडतात म्हणून. तो घालून मी पोह्याच्या दुकानात गेलो, उभा राहून जाहीर केलं: हाच तो हिरवा टाका, हाच मी, बघून घ्या. मंडळींना फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून आरोळीच सुरू झाली, "भिया, आज भी ज़िंदा हो?" मी हात वर करायचो. आठ दिवस झाले, काही घडलं नाही. नवव्या दिवशी सकाळी मावशींच्या घरातून मशीनची टकटक ऐकू आली. मी रस्त्यातच उभा राहिलो. सदऱ्याची बातमी देवासलाही पोचली होती, तिथूनही मावशींना फोन आला. व्याह्यांनी आधी विचारलं, "ते काका बरे आहेत ना?" मग म्हणाले, आजेसासूबाईंचं म्हणणं पडलंय, ब्लाउज आजीनंच शिवलेला असू दे.

झालं, सगळं जमलं, असं मला वाटायला हवं होतं. पण त्याच दिवशी मला नवीन गोष्ट उमगली. आता मला काही होऊन चालणार नव्हतं. साधं ठेचकाळून चालणार नव्हतं. माझी शिंक ही आता माझी एकट्याची राहिली नव्हती, ती देवासपर्यंत जाणार होती.

मी गाव नव्यानं बघायला लागलो. बड्या गणपतीच्या चौकात रस्ता खोदलेला, कडेला पत्रे, वर लोखंडी सांगाडे. पूर्वी मी त्यातून शीळ घालत जायचो. आता प्रत्येक पत्र्याची कड मला दिसायला लागली. गल्लीतला बैल माझ्याकडे बघतोय असं वाटायचं. पोह्यांतली शेव चावून चावून खायचो, ठसका लागेल म्हणून. बायको म्हणाली, "एवढी काळजी चाळीस वर्षांत माझी घेतली असती तर!" ती रोज तो सदरा धुवायची, वाळवायची आणि मला घालायला द्यायची. टाक्याच्या जागी तिचा अंगठा क्षणभर थांबायचा. मी ते पाहिलं होतं. मी पाहिलंय, हे तिलाही कळलं होतं.

लग्नाला पाच दिवस राहिले असताना त्या खोदलेल्या चौकात मी एका ओळखीच्या माणसाला नमस्कार करायला दोन पावलं पुढे गेलो, आणि मागे धाडकन आवाज झाला. वरून एक लोखंडी पट्टी पडली होती. मी उभा होतो त्याच जागी. खालची फरशी फुटली होती. काम करणारे वरून ओरडले, "लगी तो नहीं काका?" मी हात हलवला, चालायला लागलो. गुडघे पुढे जात होते, मी मागे राहिलो होतो. असला प्रसंग म्हणजे माझ्यासारख्याला महिन्याभराची शिदोरी. मी कुणालाही सांगितला नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट गिळली, आणि ती आत जाऊन बसली.

त्या रात्रीपासून मी डाव्या बरगडीवर हात ठेवून झोपायला लागलो. टाक्यावर. तो खरखरतोय, गरम लागतोय, असं वाटायचं. कारण मला समजत होतं. ही गोष्ट मीच रचली होती, कुठला सांधा कुठे आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! पण छत्तीस वर्षं मी लोकांना जे विकलं, ते मला कुणीतरी माझ्याच आवाजात विकत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी जिवंत उठलो. मुहूर्त दुपारच्या आधीचा. आता चार तासांचा प्रश्न. या आनंदात आंघोळीला गेलो आणि साबणावरून घसरलो. उजवा हात टेकला. आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला.

मी ओरडलो नाही. बायकोनं दार ढकललं तेव्हा मी फरशीवर बसून हाताकडे बघत होतो. मनगट बघता बघता फुगत होतं. ती म्हणाली, "डॉक्टर."

"अक्षतांनंतर."

ती काहीतरी बोलणार होती. मग तिची नजर खुंटीवरच्या सदऱ्याकडे गेली. तिनं ओढणीची पट्टी फाडली, मनगट घट्ट बांधलं, आणि तो हात बाहीत घालायला आम्हाला दोघांना पुष्कळ वेळ लागला. शेवटची गुंडी लावताना ती हळूच म्हणाली, "आज तरी गप्प बसा हं. कोणाला काही सांगू नका."

मांडवात पोहोचेपर्यंत दुखणं खांद्यापर्यंत आलं होतं. पोह्याच्या दुकानातली मंडळी हजर. "भिया, ज़िंदा हो!" एकानं शेकहँडला हात पुढे केला. मी त्याला मिठी मारली, डाव्या हातानं. देवासची आजेसासू मुद्दाम माझ्याजवळ येऊन मला वरपासून खालपर्यंत बघून गेली आणि समाधानानं बसली. नवरी आली. पिवळ्या साडीवर तो ब्लाउज असा काही बसला होता की बायका बायकांना दाखवत होत्या. मावशी पुढच्या खुर्चीवर, हातात रुमाल.

मंगलाष्टकं सुरू झाली. उजवी मूठ मिटेना. 'सावधान' आलं की मी डाव्या हातानं अक्षता टाकत होतो. गर्दीत कोण बघतंय! एवढे लोक, एवढा आवाज. चौथ्या का पाचव्या अष्टकाला सहज मान वळवली, तर मावशी वधूवरांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. ऑपरेशन केलेल्या त्या स्वच्छ डोळ्यांनी.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला खुणेनं बाजूच्या खोलीत बोलावलं. मी बसलो. त्यांनी माझ्या उजव्या बाहीवर दोन बोटं ठेवली, दाबली नाहीत.

"ही बाही मी सैल ठेवली होती."

"पंगतीत जरा जास्त झालं मावशी," मी म्हणालो. "जिलब्या बघितल्यात ना?"

"जेवण मनगटात जात नाही रे."

त्यांनी कमरेच्या बटव्यातून छोटी कात्री काढली, माझा सदरा डावीकडून वर केला, आणि एका हिसक्यात तो टाका कापून काढला. हिरवा तुकडा माझ्या डाव्या तळहातावर ठेवला. मनगट तसंच ठणकत होतं. पण छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि ते उतरलं याचीच मला भीती वाटली.

"साबणावरून पडलो मावशी. साबणावरून कोणीही पडतं. नातीला यातलं काही सांगू नका. तिचा टाका राहू दे."

मावशींनी कात्री बटव्यात ठेवली. बाहेर फोटोची गडबड चालली होती. नात 'आजी, आजी' म्हणून हाका मारत होती.

"तिच्यात मी घातलाच नाही," त्या म्हणाल्या. "दोनदा दोरा ओवला. दोनदा काढला. हातच होईना. एवढ्या वर्षांत ही पहिलीच, बिनटाक्याची."

"पण मावशी, ते सगळं खोटं होतं. मी येऊन सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"सांगितलंस की." त्या खुर्चीच्या हातावर भार टाकून उठल्या. "पण आधीचं तू जास्त चांगलं सांगितलं होतंस रे."

त्या बाहेर गेल्या. दारातून मला मांडव दिसत होता. नातीनं आजीला जवळ ओढलं, फोटोवाल्यानं हात उंच करायला सांगितलं, आणि हसत हसत तिनं हिरव्या चुड्याचा डावा हात वर केला. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी काखेच्या खाली चार बोटं, त्या पिवळ्या कापडाकडे बघत राहिलो.